घोट्याची जखम, जांघेतली झडप

गुडघेदुखीवरचं सदर छापून आल्यापासून पायांच्या तक्रारींची पत्रं वाढली आहेत. त्यातली बरीचशी शिरांबद्दलची आहेत, म्हणून हे सदर पायातल्या ग्रेट सॅफेनस या एकाच शिरेसाठी ठेवलं आहे. पत्रं थोडक्यात देते, नावं गाळली आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमचे मालक ४८ वर्षांचे आहेत. लग्नाआधीपासून इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात, पाळी बारा तासांची. डाव्या पोटरीवर शिरांच्या गाठी झाल्यात. दोन वर्षं झाली, आतल्या घोट्याच्या वर जखम आहे. मलम झालं, पावडर झाली, हळद-तेल झालं, इंजेक्शनं झाली. भरत आली की पुन्हा उघडते. शुगर नाही. शेजारचे म्हणतात पाय कापावा लागेल. काय करू?

उत्तर : ताई, पाय कापायची भीती आधी मनातून काढून टाका. शिरेच्या जखमेपायी पाय कापायची वेळ सहसा येतच नाही. उभ्याचं काम, फुगलेल्या शिरा, आतल्या घोट्याच्या वरची जागा आणि भरून पुन्हा उघडणारी जखम, हे सगळं एकत्र वाचलं की कुठल्याही सर्जनच्या मनात पहिल्यांदा शिरेचाच विचार येतो. तपासून खात्री करावी लागेल, पण तुमच्या यजमानांना मलमाची पुढची ट्यूब नको आहे, शिरेचा इलाज हवा आहे. दोन वर्षं त्या जखमेवर सगळे उपचार झाले आणि मूळ दुखण्याकडे कुणी पाहिलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अशी पत्रं मला सतत येतात.

आता मूळ कुठे आहे ते सांगते. पायातलं अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरांचे दोन थर असतात. एक आत, स्नायूंच्या मध्ये. पायातलं जवळजवळ नव्वद टक्के रक्त त्यातूनच वर जातं. दुसरा थर कातडीखाली, चरबीत. या वरच्या थरातली मुख्य शीर म्हणजे ग्रेट सॅफेनस व्हेन, आपल्या शरीरातली सगळ्यात लांब शीर. पावलाच्या पाठीवर शिरांची जी कमान दिसते, तिच्या अंगठ्याकडच्या टोकापासून ही निघते. आतल्या घोट्याच्या हाडाच्या पुढून वर चढते, नडगीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत येते, गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या कडेपासून साधारण चार बोटं मागून जाते, मग मांडीच्या आतल्या अंगाने थेट जांघेपर्यंत. तिथे मांडीच्या जाड पडद्याला एक भोक असतं. त्यातून आत शिरून ती मुख्य खोल शिरेला मिळते.

तुम्हाला पोटरीवर ज्या गाठी दिसतात, ती बहुतेक वेळा ही शीर नसतेच. ती स्वतः दोन पडद्यांच्या मध्ये आवळून बसलेली असते, म्हणून तितकी फुगत नाही. गाठी होतात त्या तिच्या फांद्यांच्या. त्यांना त्या पडद्यांचा आधार नसतो.

या शिरेत घोट्यापासून जांघेपर्यंत ठिकठिकाणी झडपा असतात. साधारण दहा ते वीस, आणि गुडघ्याखाली जास्त. रक्त वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह गेला की पाइपात चढलेलं पाणी परत विहिरीत उतरतं, ते तुमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. जांघेतली झडप गेली की तेच होतं. वरचं रक्त खाली उतरतं, खालच्या झडपेवर भार येतो, शीर रुंदावते, मग तीही झडप मिटेनाशी होते. असं करत करत भार घोट्यापर्यंत पोचतो.

माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर इतका असतो. चालू लागला की पोटरीचे स्नायू दर पावलाला खोल शिरा पिळतात आणि धडधाकट पायात हा दाब ३० च्या खाली येतो. झडपा गेलेल्या पायात चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मागापुढे तर माणूस धड चालतही नाही, जागच्या जागीच हलतो. धागा तुटला की जोडायचा, कांडी संपली की बदलायची, पुन्हा उभं. वर्षानुवर्षं हा दाब घोट्यापाशी राहिला की बारीक केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि संध्याकाळी सूज येते. तांबड्या पेशीही बाहेर पडतात आणि त्यांच्यातल्या लोहाने कातडी तपकिरी-काळी होते. नंतर तिथली चरबी आणि कातडी कडक होते, खाज सुटते, आणि एखाद्या दिवशी नुसतं खाजवल्याने जखम होते. तुमच्या यजमानांचा पाय जखमेच्या भोवती काळा पडला असणार, नसला तर मला कळवा.

म्हणजे जखम घोट्याला, पण बहुतेक वेळा बिघाड जांघेत. म्हणून वरून काहीही लावलं तरी ती टिकून भरत नाही. उलट अशा जखमेभोवतालच्या कातडीला औषधांची अॅलर्जी फार पटकन येते. प्रतिजैविकाची मलमं आणि पावडरी आजपासून बंद करा. जखम साध्या सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची आणि न चिकटणारी जाळी ठेवून झाकायची.

पुढचं पाऊल कलर डॉपलरचं. ही सोनोग्राफीच असते, सुई नाही की दुखणं नाही. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते : ही तपासणी उभं करून झाली पाहिजे. पेशंटने दुसऱ्या पायावर भार टाकून उभं राहायचं, तपासणारा जांघेत जेल लावून यंत्र टेकवतो आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबून सोडतो. दाबल्यावर रक्त वर गेलेलं एका रंगात दिसतं. सोडल्यावर धड शिरेत ते जागीच थांबतं. बिघडलेल्या शिरेत दुसरा रंग उमटतो, म्हणजे रक्त उलटं खाली येतं. हे उलटं येणं अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकलं तर झडप गेली असं आम्ही धरतो. नुसतं आडवं निजवून 'शिरा नॉर्मल' असा रिपोर्ट दिला असेल, तर तो पुन्हा करून घ्या. खोल शिरा मोकळ्या आहेत ना, तिथे जुनी गुठळी नाही ना, हेही त्यातच कळतं. ते कळल्याशिवाय वरच्या शिरेला हात लावायचा नाही.

दुसरी तपासणी पावलाच्या धमनीची. यजमान तंबाखू किंवा बिडी घेत असतील तर ती चुकवूच नका. पावलावर नाडी नीट लागते का आणि घोट्याचा रक्तदाब हाताच्या मानाने किती आहे, हे पाहूनच पट्टी घट्ट बांधता येते. धमनीतच रक्त कमी पोचत असताना कुणी आवळून पट्टी बांधली, तर मात्र पाय खरोखर धोक्यात येतो.

धमन्या ठीक असतील तर पट्टी हेच पहिलं औषध. बोटांच्या मुळापासून सुरुवात करून टाच झाकत गुडघ्याखालीपर्यंत, खाली जास्त घट्ट आणि वर सैल होत जाणारी. टाच उघडी ठेवून घोट्याला चार वेढे दिलेली पट्टी मी रोज सोडते. तिने फायदा तर नाहीच, वर पावलाला सूज येते. पहिल्या वेळी ड्रेसिंगवाल्या सिस्टरकडून तुम्ही स्वतः बांधायला शिकून घ्या. रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा. कामावर दर अर्ध्या तासाने मागापाशीच उभ्या उभ्या टाचा वीसेक वेळा वर-खाली करायच्या. गिरणीत उकाडा असतो, पट्टी नकोशी होते, हे मी जाणते. तरी जखम भरेपर्यंत तिला सुट्टी नाही.

आणि शेवटी ती शीर बंद करणं. पूर्वी जांघेत छेद घेऊन शीर बांधायची आणि ओढून काढायची, हीच पद्धत होती. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही शीर बांधायची शस्त्रक्रिया रूढ केली आणि आजही तिला त्यांचंच नाव आहे. ती आजही वाईट नाही, सरकारी रुग्णालयांत होते आणि उपयोगी पडते. आता बहुतेक ठिकाणी गुडघ्याजवळ सुईने शिरेत बारीक तार घालून लेसरने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने आतून भाजून ती बंद करतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत तारेचं टोक १२० अंशांपर्यंत तापतं. शिरेभोवती आधी भूल मिसळलेलं गार सलाइन भरतात, त्यामुळे कातडीला आणि शेजारच्या संवेदनेच्या नसेला चटका बसत नाही. पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो.

जखम भरल्यावर शीर बंद करू, असं कुणी म्हणालं तर त्यांना विचारा, आधीच का नको? ब्रिटनमध्ये ४५० पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पट्टीबरोबर लगेच शीर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत. त्याआधी २००४ च्या अभ्यासात, नुसत्या पट्टीवर राहिलेल्यांपैकी २८ टक्के जणांची जखम वर्षात पुन्हा उघडली होती, शस्त्रक्रियाही झालेल्यांत १२ टक्के. रोजंदारीवरच्या माणसाला २६ दिवसांचा फरक म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. खर्चाचं म्हणाल तर सरकारी योजनेत हे बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. दाखल होण्याआधी विचारा, नंतर नाही.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. नीलांमधल्या झडपांबद्दल मुलांनी विचारलं, 'सर, आतलं कुणी बघितलं कसं?' वर्गात दाखवता येईल असं काही आहे का?

उत्तर : सर, आहे, आणि चारशे वर्षांपूर्वीचं आहे. इटलीत पादुआच्या विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. त्यांनी १६०३ साली शिरांतल्या झडपांवर चित्रांसह पुस्तक काढलं. त्यांची समजूत अशी की रक्त हातापायांत एकदम साचू नये म्हणून झडपा त्याचा वेग कमी करतात. त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वे. त्याने झडपांच्या दिशेचा विचार केला आणि १६२८ साली रक्ताभिसरणावरच्या पुस्तकात हाताचा साधा प्रयोग चित्रं काढून दाखवला.

तो मुलांकडून करून घ्या. दंडाला हलकी पट्टी बांधून मूठ आवळायला सांगा. हाताच्या पुढच्या भागावर शीर वर आली की तिच्यावर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे निपटत न्यायचं. दुसरं बोट उचललं तरी झडपेपर्यंतचा भाग रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली येत नाही. मनगटाकडचं बोट उचललं की लगेच भरतो. जिथे भरणं अडतं तिथे कातडीखाली बारीक गाठ दिसते, ती झडप. किडकिडीत मुलाच्या हातावर सुरेख दिसतं. पट्टी मिनिटभरात सोडा.

आणखी एक सांगा मुलांना. घोट्यापुढे पायातली ही ग्रेट सॅफेनस शीर हाडाच्या उंचवट्यापासून दोन-अडीच सेंटिमीटर पुढे-वर हमखास असतेच. जुलाब-उलट्यांनी बाळ सुकून गेलं, हाताच्या सगळ्या शिरा चिपकल्या, तरी तिथे छोटा छेद घेऊन ती सापडते आणि सलाइन सुरू करता येतं. मिरजेला शिकत असताना मध्यरात्री सीनिअरने माझा हात धरून ती जागा दाखवली होती : आडवा छेद, आर्टरी फोरसेप्सने, म्हणजे चिमट्याने, चरबी बाजूला, आणि तळाशी पांढुरकी-निळी रिकामी शीर. दोऱ्यावर उचलून नळी आत गेली आणि सलाइन थेंब-थेंब सुरू झालं. आता हाडात सुई घालायची सोय झाली आहे, गळ्यातली शीर सोनोग्राफीखाली सापडते, त्यामुळे हे क्वचित करावं लागतं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी ते अजून शिकवते.

प्रश्न : बाबांची बायपास होऊन अडीच महिने झाले. छाती बरी आहे, पण ज्या पायातून शीर काढली तो संध्याकाळी सुजतो आणि घोट्याच्या आतल्या बाजूला मुंग्या येतात. हृदयासाठी पायाचं नुकसान तर नाही ना केलं? पायाचीच शीर का घेतात? (मुलगी, बेळगाव)

उत्तर : नुकसान नाही. वर लिहिलंच आहे की बहुतेक रक्त खोल शिरांमधून जातं. त्या शाबूत असल्या की ग्रेट सॅफेनस ही वरची शीर काढल्याने पायाचं काम अडत नाही. मुंग्या येतात त्याचं कारण म्हणजे गुडघ्याखाली हिच्या अगदी अंगाला लागून एक संवेदनेची नस जाते. शीर सोडवताना ती दुखावते. बहुतेकांची बधिरता काही महिन्यांत कमी होते, काहींना थोडी जागा कायमची बधिर राहते. चालण्याच्या ताकदीशी त्या नसेचा संबंध नाही. सूज बसता-उठता पाय उंच ठेवून आणि सर्जनला विचारून दाब देणारा मोजा घालून उतरेल. टाके लाल होऊन पू आला, ताप आला, किंवा पोटरी अचानक दुखून टणक झाली, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

हीच शीर का? लांब आहे, सरळ आहे, कातडीखाली हाताशी आहे, भिंत जाड आहे आणि तिच्यावाचून अडत नाही. पॅरिसमध्ये कुन्लँ या सर्जनने १९४८ साली मांडीची बंद धमनी ओलांडण्यासाठी ती वापरली, झडपा आड येऊ नयेत म्हणून उलटी करून. हृदयासाठी तिचा वापर खऱ्या अर्थाने प्रस्थापित केला रेने फावालोरो यांनी, १९६७ साली, अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये. हे गृहस्थ मूळचे अर्जेंटिनाचे. तिथल्या एका खेड्यात त्यांनी बारा वर्षं डॉक्टरकी केली होती आणि मग ते हृदयशस्त्रक्रियेकडे वळले. लहान गावात काम करणाऱ्या माझ्यासारखीला त्यांचा फार अभिमान वाटतो. आजही बायपासमध्ये ही शीर उलटीच जोडतात.

बाबांना एक गोष्ट नीट समजावून सांगा. छातीच्या आतली जी धमनी जोडतात, ती दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत मोकळी असते. पायाच्या शिरेचं तसं नाही, दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या बंद पडतात किंवा अरुंद होतात. तिला धमनीचा दाब सोसायची सवय नसते. म्हणूनच अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडायची नसते. तंबाखू-सिगारेट असेल तर ती सुटलीच पाहिजे, यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या. परवा न्हाणीघरात घोट्याजवळच्या फुगलेल्या शिरेतून एकदम रक्ताची धार लागली. आम्ही खुर्चीत बसवून वर दोरी आवळली, तरी थांबेना. पुन्हा झालं तर?

उत्तर : पुन्हा होऊ शकतं, म्हणून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. लगेच जमिनीवर आडवं निजवायचं, पाय छातीपेक्षा उंच उचलायचा आणि स्वच्छ फडकं बोटांनी नेमकं त्या जागेवर दाबून धरायचं. पंधरा मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. एवढ्याने थांबतं. दोरी आवळू नका. शिरेतलं वर जाणारं रक्त तिने अडतं, धमनीतून येणारं चालूच राहतं, आणि धार वाढते. खुर्चीत बसवणं हीसुद्धा तितकीच धोक्याची गोष्ट. बसल्या-उभ्या स्थितीत अशी धार वाहून माणसं दगावली आहेत. थांबल्यावर घट्ट पट्टी बांधून त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर त्याच दिवशी. ती शीर बंद करावी लागेल, वय आडवं येत नाही. हे स्थानिक भुलीखाली होतं.

प्रश्न : सातवा महिना आहे. दोन्ही मांड्यांवर शिरा फुगल्यात, पाय जड होतात. लेसर करू का? (नाशिक)

उत्तर : आत्ता नको. गरोदरपणात संप्रेरकांमुळे शिरा सैल पडतात, रक्त वाढलेलं असतं आणि गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरांवर येतो. बाळंतपणानंतर बऱ्याच शिरा आपोआप उतरतात. किमान तीन महिने जाऊ द्या, मग डॉपलर. तोवर डाव्या कुशीवर झोपा, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी दाब देणारे मोजे घाला, मांडी घालून तासन्‌तास बसू नका. एकच पाय अचानक सुजला-दुखला, किंवा फुगलेली शीर लाल, गरम, दोरीसारखी कडक झाली, तर थांबू नका. ती गुठळी असू शकते, आणि जांघेच्या जवळ असली तर खोल शिरेत सरकायची भीती असते. धाप लागली तर थेट मोठ्या रुग्णालयात.

प्रश्न : मी २६ वर्षांची. मांडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या रेषा आहेत. दुखत नाही. एका जाहिरातीत 'अर्ध्या तासात शिरा गायब' असं वाचून गेले, तर मांडीतली मुख्य शीर लेसरने बंद करा म्हणाले. डॉपलर केला नाही. करू का?

उत्तर : नाही. उभ्याने केलेला डॉपलर नसताना ग्रेट सॅफेनस बंद करायचा सल्ला कुणी दिला, तर तिथून उठून या. तुम्ही लिहिता त्या रेषा कातडीतल्या बारीक वाहिन्या आहेत. त्या दिसायला नको असतील तर तेवढ्यांपुरती बारीक सुईने औषधाची इंजेक्शनं असतात. ती घेणं न घेणं ही तुमची आवड. डॉपलरमध्ये जांघेतली झडप ठीक निघाली, तर मुख्य शिरेला हात लावायचं काही कारण उरत नाही. ती शीर उद्या कुणाच्या हृदयाला, कुणाच्या बंद पडलेल्या पायाला लागते, तशी तुम्हालाही लागू शकते. रिपोर्ट हातात आला की त्याची प्रत मला पाठवा, मी वाचून कळवते.